मेमरी कार्ड का मरतं? फ्लॅशचा पाया रचणारे डॉ. दावॉन कांग आणि तुमच्या स्मार्ट होमचं स्टोरेज

घरात रास्पबेरी पाय लावून त्यावर होम असिस्टंट चालवणाऱ्यांच्या नशिबी एक दिवस बहुधा येतोच. सुरुवातीचे काही महिने सगळं मस्त चालतं. अंधार पडला की गॅलरीतला दिवा आपोआप लागतो, टाकी भरली की मोटर बंद होते, मोबाईलवरून पंखा चालतो. मग एकदा लाईट जाते, थोड्या वेळाने परत येते आणि सर्व्हर काही उठत नाही. बोर्डावरचा लाल दिवा लागलेला असतो, पण पुढे हालचाल नाही. कित्येक रात्री जागून केलेली सेटिंग्ज गायब!

अशा वेळी बोर्ड बहुतेकदा धडधाकट असतो. मेलेलं असतं ते आतलं मायक्रोएसडी कार्ड. मग प्रश्न पडतो की चांगल्या कंपनीचं, व्यवस्थित चालणारं कार्ड असं का मरतं? याचं उत्तर एका माणसाच्या कामात सापडतं. या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, पण त्याचे दोन शोध या क्षणी तुमच्या हातातल्या फोनमध्ये काम करत आहेत. त्यांचं नाव डॉ. दावॉन कांग. आज त्यांची गोष्ट वाचूया आणि तिच्याच मदतीने आपल्या होम सर्व्हरसाठी योग्य स्टोरेज निवडूया.

सोलचा मुलगा, ओहायोचा डॉक्टर

दावॉन कांग यांचा जन्म 4 मे 1931 रोजी सोल शहरात झाला. त्या काळी कोरियावर जपानचं राज्य होतं. 1945 मध्ये ते संपलं, देशाचे दोन तुकडे झाले आणि 1950 मध्ये युद्ध पेटलं. कांग यांचं कॉलेजचं वय नेमकं या धामधुमीत गेलं. त्यांनी दक्षिण कोरियाच्या मरीन दलात नोकरीही केली. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीतून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि 1955 मध्ये ते अमेरिकेला गेले. युद्ध थांबून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मागे राहिलेला देश पार उद्ध्वस्त झाला होता.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी आधी मास्टर्स आणि मग 1959 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये रुजू झाले. ट्रान्झिस्टरचा जन्म 1947 मध्ये झाला तो इथेच. इलेक्ट्रॉनिक्समध्ये काही करून दाखवायचं असेल, तर त्या काळी यापेक्षा चांगली जागा नव्हती.

पहिला शोध: मॉसफेट

तेव्हाचे ट्रान्झिस्टर आजच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे होते. सिलिकॉनच्या वर एक धातूचा पत्रा ठेवायचा, त्याला व्होल्टेज द्यायचं आणि त्या विद्युत क्षेत्रानेच खालचा प्रवाह चालू-बंद करायचा, ही कल्पना जुनी होती. पण ती प्रत्यक्षात येत नव्हती. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरच इलेक्ट्रॉन अडकून बसायचे आणि वरच्या व्होल्टेजचा परिणाम आत पोहोचायचाच नाही.

बेल लॅब्समध्ये मोहम्मद अटाला नावाचे इजिप्तमध्ये जन्मलेले इंजिनिअर यावर काम करत होते. सिलिकॉन तापवून त्यावर ऑक्साईडचा, म्हणजे जवळजवळ काचेसारखा पातळ थर वाढवला, तर पृष्ठभागाचा हा त्रास बराच कमी होतो, हे त्यांच्या गटाने दाखवलं. नव्याने आलेल्या कांग यांना सोबत घेऊन त्यांनी याच थराचा वापर करून ट्रान्झिस्टर बनवला. खाली सिलिकॉन, मध्ये ऑक्साईड, वर धातू. मेटल, ऑक्साईड, सेमीकंडक्टर या तीन शब्दांवरून पुढे त्याला मॉसफेट हे नाव पडलं. 1960 मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला आणि कांग यांनी त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं 1963 मध्ये.

आज तुमच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. पण तेव्हा बेल लॅब्सने या शोधाकडे फारसं लक्ष दिलं नाही. नवा ट्रान्झिस्टर जुन्यापेक्षा हळू होता आणि त्याच्यावर भरवसा ठेवावा इतका स्थिरही नव्हता. तो बनवायला सोपा आहे आणि एकाच चिपवर असे पुष्कळ बसवता येतील, हे कांग यांनी 1961 मध्ये कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहून ठेवलं होतं. पण कंपनीने ते काम मनावर घेतलं नाही. अटाला त्याच सुमारास बेल लॅब्स सोडून गेले. मॉसफेट पुढे नेला तो आरसीए आणि फेअरचाईल्ड यांसारख्या दुसऱ्या कंपन्यांनी.

कांग मात्र तिथेच राहिले आणि काम करत राहिले.

दुसरा शोध: दार नसलेली खोली

1967 साल. त्या वेळच्या कॉम्प्युटरची मुख्य मेमरी म्हणजे तारांमध्ये ओवलेल्या छोट्या-छोट्या चुंबकीय रिंगा. लाईट गेली तरी त्यातली माहिती टिकायची, हा मोठा फायदा. पण त्या अवजड आणि बनवायला किचकट होत्या. ट्रान्झिस्टरची मेमरी लहान आणि वेगवान होण्यासारखी होती, पण वीज बंद झाली की सगळं पुसलं जायचं. दोन्हीचे गुण एकत्र आणता येतील का?

कांग आणि त्यांचे तरुण सहकारी सायमन झी हे कँटीनमध्ये जेवताना थरांचा केक खात होते आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली, असा किस्सा सांगितला जातो. कल्पना अशी: मॉसफेटमध्ये आणखी एक थर घालायचा. वरचा धातू आणि खालचं सिलिकॉन यांच्यामध्ये आणखी एक धातूचा तुकडा ठेवायचा, पण त्याला कुठलीही तार जोडायची नाही. वर, खाली, आजूबाजूला सगळीकडे इन्सुलेटर. म्हणून त्याचं नाव फ्लोटिंग गेट, म्हणजे अधांतरी तरंगणारं गेट.

याला दार नसलेली खोली समजा. पुरेसं व्होल्टेज दिलं, की इलेक्ट्रॉन पातळ भिंतीतून पलीकडे जातात. क्वांटम भौतिकशास्त्रात याला टनेलिंग म्हणतात. व्होल्टेज काढलं की ते आतच अडकतात. खोलीत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावर खालचा ट्रान्झिस्टर किती व्होल्टेजला चालू होतो ते ठरतं. म्हणजे खोली न उघडता, नुसत्या ट्रान्झिस्टरच्या वागण्यावरून आत काय आहे ते वाचता येतं. आहे की नाही, शून्य की एक. झाली की मेमरी! कांग यांचा पहिला शोध त्यांच्याच दुसऱ्या शोधाच्या कामी आला.

त्यांनी झिर्कोनियम धातूचं फ्लोटिंग गेट वापरून नमुना बनवला आणि 1967 मध्ये बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात निबंध छापला. नमुना चालला, पण खोलीतले इलेक्ट्रॉन गळून जात होते. माहिती टिकायची साधारण तासभर. बेल लॅब्सने यातूनही काही माल बनवला नाही.

पुन्हा तेच झालं. शोध इथे लागला आणि धंदा दुसरीकडे उभा राहिला. 1971 मध्ये इंटेलच्या डॉव्ह फ्रोमन यांनी फ्लोटिंग गेटवर आधारित ईप्रॉम बनवली. ती पुसायला अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवावी लागायची. मग विजेने पुसता येणारी ईईप्रॉम आली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी एकाच झटक्यात मोठा भाग पुसणारी मेमरी 1984 मध्ये जगापुढे मांडली. तीच फ्लॅश. 1987 मध्ये तिचा नँड प्रकार आला. आजची मेमरी कार्डं, पेन ड्राईव्ह, एसएसडी आणि फोनचं स्टोरेज हे सगळं याच घराण्यातलं. हल्लीच्या बऱ्याच थ्रीडी नँड चिपमध्ये धातूच्या किंवा सिलिकॉनच्या गेटऐवजी नायट्राईडच्या थरात इलेक्ट्रॉन अडकवतात, पण दार नसलेल्या खोलीचं तत्त्व तेच आहे.

आता येऊया तुमच्या कार्डाकडे

या खोलीची भिंत जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची असते. दर वेळी लिहिताना आणि पुसताना जास्त व्होल्टेजच्या जोरावर इलेक्ट्रॉन या भिंतीतून जातात आणि भिंत थोडी-थोडी खराब होते. भिंतीतच काही इलेक्ट्रॉन अडकतात, गळती वाढते. एक दिवस त्या खोलीत काय आहे ते नीट कळेनासं होतं. वाचण्याने भिंतीचं जवळपास काही बिघडत नाही, लिहिण्या-पुसण्याने बिघडतं.

एका खोलीत एकच बिट ठेवला तर इलेक्ट्रॉनच्या 2 पातळ्या ओळखाव्या लागतात. अशी खोली साधारण 1 लाख वेळा लिहिणं-पुसणं सोसते. पण स्वस्तात जास्त जीबी द्यायचे म्हणून कंपन्या एकाच खोलीत 3 बिट (8 पातळ्या) किंवा 4 बिट (16 पातळ्या) कोंबतात. पातळ्या इतक्या जवळ आल्या की थोडीशी गळतीही महागात पडते. 3 बिटांच्या टीएलसीला साधारण 1,000 ते 3,000 फेऱ्या झेपतात, 4 बिटांच्या क्यूएलसीला त्याहून कमी.

दुसरी अडचण म्हणजे फ्लॅशमध्ये लिहिणं काही केबींच्या पानाने होतं, पण पुसणं मोठ्या ब्लॉकने होतं. शंभर बाईटची नोंद बदलायची तरी आतल्या आत कितीतरी जास्त लिखाण होऊ शकतं.

आता हिशोब करा. समजा घरात 40 सेन्सर आहेत आणि प्रत्येक जण 10 सेकंदांनी एक आकडा पाठवतो. सेकंदाला 4 नोंदी झाल्या. दिवसाला 3,45,600! होम असिस्टंट या नोंदी एसक्यूलाईट डेटाबेसमध्ये ठेवतं. ते दर 5 सेकंदांनी एकदा डिस्कवर लिहितं असं धरलं, तरी दिवसाला 17,280 वेळा लिखाण झालं. कॅमेऱ्यात फोटो साठवायला बनवलेल्या कार्डाला हे काम जड जातं. त्यात नेमकं लिहीत असताना लाईट गेली तर अर्धवट लिहिलेल्या फाईलमुळे चांगलं कार्डसुद्धा करप्ट होतं.

मग निवडायचं काय?

1. जमत असेल तर एसएसडीच घ्या. एसएसडीतही फ्लॅशच असते, पण तिचा कंट्रोलर जास्त हुशार असतो. तो लिखाण सगळ्या खोल्यांमध्ये सारखं वाटतो, खराब ब्लॉकच्या जागी राखीव ब्लॉक वापरतो आणि तब्येतीची माहिती स्मार्ट रिपोर्टमध्ये देतो. समजा एसएसडीवर 100 टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण 100 टेराबाईट लिखाणाची हमी आहे आणि तुमचा सर्व्हर दिवसाला 20 जीबी लिहितो. तर कागदावर तो 5,000 दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त चालेल.

2. बोर्ड बघून जोडणी ठरवा. रास्पबेरी पाय 4 ला निळ्या यूएसबी 3 पोर्टवर एसएसडी लावता येते आणि तिच्यावरूनच बूट करता येतं. पाय 5 ला एम.2 हॅट लावून एनव्हीएमई एसएसडी थेट बसते. काही बोर्डांवर ईएमएमसी असते. ती साध्या कार्डापेक्षा सहसा बरी, पण बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर मेल्यावर बदलता येत नाही.

3. पॉवरमध्ये कंजुषी नको. एसएसडी मध्येच गायब होत असेल तर आधी चार्जर तपासा. पाय 4 चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात. पाय 5 ला 5 व्होल्ट 3 अँपिअरचा चार्जर लावला तर यूएसबीला फक्त 600 मिलीअँपिअर मिळतात. 5 अँपिअरचा लावला तर 1.6 अँपिअर. सोबत छोटा यूपीएस असेल तर उत्तम.

4. कार्डच वापरायचं असेल तर एन्ड्युरन्स कार्ड घ्या. डॅशकॅम आणि सीसीटीव्हीसाठी ही कार्डं बनवतात. ए1, ए2 ही चिन्हं वेगाची आहेत, आयुष्याची नाहीत, हे लक्षात ठेवा. गरजेपेक्षा मोठं कार्ड घ्या. 32 जीबीचं काम असेल तर 128 जीबीच्या कार्डात कंट्रोलरला लिखाण वाटायला जागा मिळते. आणि नकली कार्डांपासून सावध! घेतल्या-घेतल्या एफ3 सारख्या टूलने पूर्ण कार्ड लिहून-वाचून तपासा.

5. लिखाण कमी करा. खोलीचं तापमान दर 10 सेकंदांनी कशाला साठवायचं? रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये नको असलेले सेन्सर वगळा. इतिहास मुळात 10 दिवसांचा ठेवला जातो, तो उगाच वर्षभराचा करू नका.

6. बॅकअप दुसरीकडे ठेवा. ज्या कार्डावर सर्व्हर आहे त्याच कार्डावरचा बॅकअप हा बॅकअप नव्हेच. तो लॅपटॉपवर, नॅसवर किंवा क्लाऊडवर आपोआप जाईल असं लावून ठेवा. आणि तो एखाद्या वेळी परत चढवूनही बघा. पेन ड्राईव्हमध्ये कॉपी करून कपाटात पाच-सात वर्षं टाकून देऊ नका. खोलीतले इलेक्ट्रॉन आजही हळूहळू गळतातच. साध्या एसएसडीसाठीच्या जेडेकच्या मानकात, ठरलेलं लिखाण पूर्ण झाल्यावर वीज न देता 30 अंश तापमानाला 1 वर्ष माहिती टिकावी, एवढीच अपेक्षा आहे.

कांग यांचं पुढे काय झालं?

कांग यांनी बेल लॅब्समध्ये जवळपास तीन दशकं काढली. विजेने प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर आणि इतर सेमीकंडक्टर उपकरणांवर त्यांनी पुष्कळ काम केलं. 1975 मध्ये मॉसफेटसाठी त्यांना फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचं स्टुअर्ट बॅलन्टाईन पदक मिळालं. 1988 मध्ये ते बेल लॅब्समधून निवृत्त झाले आणि प्रिन्स्टनमध्ये नव्याने सुरू होणाऱ्या एनईसी रिसर्च इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष बनले. ताबडतोब माल बनवण्याची घाई नसलेलं, मूलभूत संशोधन करणारं हे ठिकाण होतं. ज्याचे दोन शोध कंपनीने बाजूला ठेवले, त्याच्याकडे अशी संस्था उभी करण्याची जबाबदारी आली.

13 मे 1992 रोजी त्यांचा मृत्यू झाला. महाधमनी फुटल्याने तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली होती, त्यानंतरच्या गुंतागुंतीत ते गेले. वय होतं 61. तेव्हा ना एसडी कार्ड होतं, ना स्मार्टफोन. एसडी कार्ड 1999 मध्ये जाहीर झालं, रास्पबेरी पाय 2012 मध्ये आला. आपल्या दार नसलेल्या खोलीत जगभरातल्या लोकांचे लग्नाचे फोटो, आईचे व्हॉईस मेसेज आणि गॅलरीतल्या दिव्याचं वेळापत्रक राहायला येणार आहे, हे बघायला ते नव्हते.

नोबेल त्यांना मिळालं नाही, अटालांनाही नाही. 2009 मध्ये दोघांची नावं अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये एकत्र आली, तोपर्यंत कांग यांना जाऊन 17 वर्षं झाली होती. आज दक्षिण कोरिया हा मेमरी चिप बनवणाऱ्या देशांमध्ये सगळ्यात पुढे आहे आणि तिथे सेमीकंडक्टर क्षेत्रातला एक पुरस्कार कांग यांच्या नावाने दिला जातो.

तासभर टिकणाऱ्या मेमरीपासून वर्षानुवर्षं टिकणाऱ्या मेमरीपर्यंतचा हा प्रवास अनेकांनी मिळून केला. पण भिंत पातळ आहे ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खरी होती आणि आजही आहे. म्हणून हे वाचून झालं की एक काम करा. होम असिस्टंट उघडा, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा आणि तो बोर्डाच्या बाहेर कुठेतरी कॉपी करा. नवीन एसएसडी पुढच्या पगाराला घेतली तरी चालेल, पण बॅकअप आजच घ्या!